कोइनोबोरी: पहिल्यांदा करवून घेताना

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ओरिगामीने सुरुवात करू नका, घड्यांची टोकं जुळत नाहीत आणि मुलं वैतागतात. त्यापेक्षा कोइनोबोरी घ्या, म्हणजे वाऱ्याने फुगणारा, माशाच्या आकाराचा पोकळ झेंडा. जपानमध्ये ५ मे हा बालदिन. त्या सुमारास घराबाहेर कार्प माशांचे हे झेंडे फडकतात. प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या माशासारखं मूल धीट व्हावं, ही त्यामागची भावना. वरचा काळा मासा ‘मागोइ’, त्याखालचा लाल ‘हिगोइ’. हे चिकटवता चिकटवताच सांगा, आधी भाषण नको.

पतंगाचा कागद ४० × ३० सेंमी. ३० सेंमीच्या कडेला २ सेंमी रुंद पुठ्ठ्याची पट्टी घडीत चिकटवा. हे तोंड. पट्टी नसेल तर तोंड मिटतं, वारा आत शिरत नाही. खवले कागद सपाट असतानाच लावा, आणि शेपटीकडून तोंडाकडे. मुलं हमखास उलट करतात, मग कडा वाऱ्याने उचकटतात. पातळ डिंक नको, कागद भिजून फाटतो, गोंदकांडी बरी. मग १ सेंमी कड चढवून नळी करा. शेपटी उघडीच ठेवा. दोरा तोंडाला तीन ठिकाणी, सारख्या अंतरावर बांधा. एकाच ठिकाणी बांधलात तर मासा तिरका लोंबतो.