जनसुनावणीत नुसता ‘विरोध’ नोंदवून भागत नाही

प्रश्न : गावाशेजारी मळीवर चालणारी डिस्टिलरी येणार आहे. जनसुनावणीची नोटीस निघाली. ग्रामपंचायतीने विरोधाचा ठराव केलाय. तेवढ्याने प्रकल्प थांबेल का? आम्हाला विहिरींची काळजी आहे.
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : नुसत्या ठरावाने थांबेल अशी आशा धरू नका. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन) अधिसूचनेनुसार होणाऱ्या सुनावणीत मतदान नसते, गणसंख्येची अटही नसते. मात्र तिथे मांडलेल्या पर्यावरणविषयक मुद्द्यांना कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते. तुमचा सगळा जोर तिथे लावा.

नोटीस आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस असतात. ईआयए अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. मराठी सारांशावर थांबू नका, त्यात बहुतेक सगळे गोडच लिहिलेले असते. मूळ अहवालात भूजलाचे नमुने कुठल्या विहिरींचे घेतले ते बघा. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारे सांडपाणी, निघतो. त्याच्या साठवण तलावाचे अस्तर फाटले की गडद तपकिरी पाणी झिरपत उताराकडच्या विहिरींत उतरते. नमुने वरच्या अंगाच्याच विहिरींचे असतील, तर पान क्रमांकासह लेखी विचारा : ‘तलावाखालची विहीर का वगळली?’

आपल्या विहिरींचे पाणी आत्ताच तपासून घ्या, नाहीतर उद्या ‘पाणी आधीपासूनच खराब होते’ हे उत्तर ठरलेले. दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, त्यावर गट क्रमांक नि तारीख लिहा आणि त्याच दिवशी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पोचवा. पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराइड आवर्जून मागा. सीओडीची (पाण्यातले सेंद्रिय प्रदूषण दाखवणाऱ्या चाचणीची) सोय तिथे आहे का ते आधी विचारा.

हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात सुनावणीआधी द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तुमचा मुद्दा गळला असेल तर तिथेच उठून सांगा. चित्रीकरण होतच असते. लोक घाईने घरी जातात आणि घोळ नेमका तिथे होतो.

तरीही मंजुरी मिळाली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात ३० दिवसांत अपील करता येते. उशिराचे सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते, त्यापुढे नाही.