एकच टर्म खासदार राहिलेल्यालाही आयुष्यभर पेन्शन मिळते का? आणि प्रत्येक टर्मची वेगळी मिळते का?

पहिल्याचं उत्तर हो. टर्म पूर्ण व्हायचीही गरज नाही. लोकसभा मध्येच बरखास्त झाली तरी पेन्शन लागू होतेच. दुसऱ्याचं उत्तर नाही. टर्मागणिक पेन्शन पंजाबात आमदारांना होती, ती २०२२ मध्ये बंद झाली. व्हॉट्सॲपवर तेच खासदारांच्या नावावर खपवतात.

माजी खासदारांना सध्या महिना ३१,००० रुपये पेन्शन मिळते आणि पाच वर्षांच्या वर जेवढी वर्षं, तेवढे दर वर्षाचे २,५०० जादा. हा दर मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला, पण लागू केला १ एप्रिल २०२३ पासून. जालन्याचाच हिशेब करू. तिथले माजी खासदार रावसाहेब दानवे १९९९ ते २०२४ सलग पाच वेळा निवडून आले. मधले काही महिने सोडून २४ वर्षं धरली तर पहिल्या पाच वर्षांचे ३१,००० आणि पुढच्या १९ वर्षांचे ४७,५००, असे ७८,५०० होतात. केंद्रात मंत्री होते म्हणून पेन्शनमध्ये एक रुपया वाढत नाही. आमदारकीची पेन्शन राज्याची, ती निराळी. दुसरी पेन्शन असली तरी ही मिळेल, असं केंद्राच्या कायद्यातच आहे.

रकमेवरून लोक चिडतात. मला ती रक्कम फार वाटत नाही. माझा आक्षेप अटींवर आहे. किंवा अटी नसण्यावर म्हणा.

मी मराठवाड्यातल्याच एका कलेक्टर कचेरीत होतो. मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांचे पेन्शनचे अर्ज टेबलावर यायचे. केंद्राच्या योजनेत किमान सहा महिने तुरुंगवास किंवा भूमिगत राहिल्याचा पुरावा लागायचा (महिलांना तुरुंगवासाची अट तीन महिन्यांची). म्हातारी माणसं निजामाच्या जेलचे उर्दू कागद पिशवीतून काढून पुढं ठेवायची, घडीवर फाटलेले. ते वाचणारा माणूसही शोधावा लागायचा. बोगस अर्जही आले, नाही असं नाही, म्हणून छाननी कडक होती. पण सहा महिन्यांना दोन दिवस कमी भरले तर फाइल परत, आणि खासदाराला किमान दिवसांची अटच नाही!

सुरुवातीला अशी अट होती. १९७६ मध्ये ही पेन्शन आली तेव्हा पाच वर्षं पूर्ण करावी लागायची आणि मिळायचे महिना ३०० रुपये. पुढं संसदेनंच कायदा बदलून ती अट काढली. याच मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर गेले होते, वारले १९७२ मध्ये. म्हणजे त्यांच्या हयातीत खासदारांना पेन्शन हा प्रकारच नव्हता.

शिवाय खासदाराच्या पगारातून यासाठी काही कापत नाहीत. माझा मुलगा १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागला. त्याच्या पगारातून पेन्शनसाठी दर महिन्याला दहा टक्के जातात.

कोर्टाचं म्हणाल तर तेही झालंय. ही पेन्शन रद्द करा म्हणून 'लोकप्रहरी' संस्थेनं केलेली याचिका सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली. हा संसदेच्या अखत्यारीतला विषय ठरला. थोडक्यात, बदल करायचा तर तो खासदारांनीच करायचा.

माजी खासदार पुन्हा खासदार, आमदार किंवा राज्यपाल झाला की तेवढ्या काळापुरती पेन्शन थांबते, पद गेलं की परत चालू होते. तो वारला तर बायकोला, किंवा बाई खासदार असेल तर नवऱ्याला, निम्मी मिळते.