प्रार्थना करूनही शांती नाही, मग माझा विश्वास कच्चा आहे का?

ख्रिस्ती घरांतून समुपदेशनाला येणारी माणसं पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास बोलतात. "मॅडम, रोज प्रार्थना करते, तरी शांती नाही. माझा विश्वासच कच्चा आहे." झोप उडालेली असते, छाती धडधडत असते, पण त्याहून मोठं दुःख देवासमोर नापास झाल्याचं. हे इतक्यांदा ऐकलं की एका ताईंची गोष्ट लिहायचं ठरवलं. त्यांना विचारून, आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

ताई नगर जिल्ह्यातल्या, शाळेत शिक्षिका. यजमानांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, ते बरे होऊन कामावरही जाऊ लागले. ताई मात्र रोज रात्री तीनला जाग्या व्हायच्या आणि यजमानांच्या नाकापुढे तळहात धरायच्या. श्वास हाताला लागला की आडव्या व्हायच्या. दहा मिनिटांनी पुन्हा हात.

"हे कुणाला सांगितलंत?"

"कसं सांगणार? चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिलीय मी. प्रभूने यांना वाचवलं आणि मला पूर्ण शांती दिली म्हणून. आता बायका म्हणतात, ताई, तुमच्यासारखा विश्वास हवा."

"आणि प्रार्थनेत काय म्हणता?"

"आभार मानते, स्तुती करते."

"भीतीबद्दल?"

"त्याने एवढं केलं, वर मी रडगाणं गाऊ?"

माझ्या लक्षात आलं की भीती झटक्यामुळे बसली खरी, पण मुक्कामाला राहिली ती या न बोलण्यामुळे. इतक्या वर्षांच्या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. जे तोंडाने बोलायची सोय नसते, ते शरीर बोलतं. रात्री तीनला बोलतं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. घडीवर फाटत आलेलं. त्यावर शाईने लिहिलं होतं, 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.' बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय 4, ओवी 6. धडधड सुरू झाली की त्या हे वाचायच्या आणि चिंता थांबत नाही म्हणून स्वतःला आणखी दोष द्यायच्या.

"ओवी एवढीच आहे?" मी विचारलं.

पाठ होतीच. "तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा." शेवटच्या दोन शब्दांवर त्यांचा आवाज खाली आला. कार्डावर ते शब्द नव्हते.

मग मी त्यांना दोन अध्याय मागे जायला सांगितलं. प्रेषित पौल हे पत्र तुरुंगात असताना लिहितोय. त्याचा सोबती एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी जाऊन आला होता. पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. ताईंनी ते दोनदा वाचलं. बोट त्याच ओळीवर.

"म्हणजे पौलालाही तेच…" थोडा वेळ गेला. "आणि हे त्याने मंडळीला लिहून कळवलं?"

मी तो उतारा पौलाचं मन दाखवायला काढला होता. ताईंनी त्यात त्याची साक्ष पाहिली, जिच्यात देवाची दयाही होती आणि पोटातला गोळाही. माझ्यापेक्षा त्यांनी ते जास्त खोल वाचलं, आणि अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं. मी बसले. ताईंनी डोळे मिटले आणि साध्या घरगुती मराठीत म्हणाल्या, "प्रभू, त्या रात्री मी फार घाबरले होते. अजून घाबरते. यांना नेऊ नकोस रे." झटक्याच्या रात्रीनंतर त्या पहिल्यांदा रडल्या.

तुमचंही असं होत असेल तर रात्रीच्या प्रार्थनेची सुरुवात स्तुतीने करायचा हट्ट थोडे दिवस सोडा. आधी खरं काय ते सांगा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांत विलापाची कितीतरी. तेरावं तर 'तू मला कोठवर विसरणार' असंच विचारत सुरू होतं, आणि भरवशाचे शब्द येतात ते शेवटाकडे. मग उद्या आपल्या हातून होण्यासारखं एकच काम ठरवा. ताईंचं होतं यजमानांच्या गोळ्या डबीत भरणं. बाकीचं नाव घेऊन देवाकडे सोपवा. मन लगेच शांत होईलच असं नाही, तरी हे सोपवणं खरंच असतं. भरवसा म्हणजे भीती नसणं, असं मला पवित्र शास्त्रात कुठे दिसलेलं नाही. आणि झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल तर डॉक्टरांकडे जा. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. औषध घेणं हा अविश्वास नाही.

ताईंची तीनची जाग अजून पूर्ण गेलेली नाही. आता त्या हात नाकापुढे धरत नाहीत, यजमानांच्या मनगटावर ठेवतात आणि तसाच डोळा लागतो. मध्यंतरी महिला मंडळात त्यांनी पुन्हा साक्ष दिली, या वेळी भीतीसकट. सभा संपल्यावर एक सत्तरीच्या आजी सलाम करायला आल्या आणि त्यांचा हात धरून बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, मी तर सहा वर्षं झोपले नाही गं."