प्रमोशन मिळतंय आणि मला काहीच वाटत नाहीये

ताई,
मी ३१ वर्षांची. शाळेपासून पहिला नंबर, नोकरीत सहा वर्षांत दोन बढत्या. मुलगी १४ महिन्यांची आहे, मी कामावर परत रुजू होऊन आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात साहेबांनी बोलावून टीम लीडची जागा देऊ केली. ज्या जागेसाठी मी एके काळी रात्रंदिवस राबले, तीच. आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. काहीच वाटलं नाही. नवरा म्हणतो, ही संधी सोडलीस तर पस्तावशील. माझ्या आईने मी झाल्यावर नोकरी सोडली होती. ती म्हणते, 'माझं झालं तसं तुझं होऊ नये म्हणून तर तुला शिकवलं.' कामात आता एकच गोष्ट आवडते, नव्याने लागलेल्या मुलांशेजारी बसून त्यांच्या रिपोर्टमधली चूक शोधायची. बाकी दिवस नुसता ढकलते. मुलगी अजून रात्री तीनदा उठते. मी आळशी झालेय का? आधीची मी कुठे गेले? महिनाअखेर उत्तर द्यायचंय.
– हरवलेली

*

अगं,

हे टोपणनाव तू स्वतःला घेतलंस, पण मी तुला त्या नावाने हाक मारणार नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. 'मुलगी अजून रात्री तीनदा उठते' हे तू जाता जाता लिहिलंस. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. १४ महिने तू सलग झोपलेली नाहीस. अशा झोपेवर माणूस आजचा दिवस कसाबसा पार पाडतो. तीन वर्षांनी आपण कुठे असू याची स्वप्नं बघायला लागतं ते बळ शरीराकडे शिल्लकच नसतं. याला आळस म्हणू नकोस. आळशी बाई 'मी आळशी झालेय का' असं विचारत पत्र लिहीत नाही.

आता एक प्रश्न, त्याचं उत्तर स्वतःला खरं खरं दे. हे 'काहीच न वाटणं' फक्त ऑफिसपुरतं आहे, की घरातही आहे? मुलगी हसली की आत काही हलतं का? आवडतं गाणं लागलं, जुनी मैत्रीण भेटली, तर बरं वाटतं का? तिथेही सगळं सपाट असेल, तर हा करिअरचा प्रश्न नाही, तब्येतीचा आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या काही आठवड्यांतच येतं असं अनेकांना वाटतं. ते पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं आणि उपचार झाले नाहीत तर पुढेही रेंगाळतं. दर वेळी रडूच येतं असंही नाही, कधी नुसता कशातच रस वाटेनासा होतो. दुसरं म्हणजे थायरॉइड. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात तो बिघडू शकतो, आणि तेव्हा येणारा थकवा, मंदावलेपण बाई स्वतःचा स्वभाव समजून बसते. रक्त कमी असलं तरी तेच. म्हणून डॉक्टरांकडे जा, रक्त तपासून घे, आणि मनाचंही सांग. 'लहान मूल आहे, थकवा असणारच' असं म्हणून कोणी वाटेला लावलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

तब्येत ठीक निघाली असं धरून पुढचं लिहिते.

'आधीची मी कुठे गेले' असं विचारलंस. २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पहिलटकरणींच्या मेंदूचे स्कॅन गरोदरपणाआधी आणि बाळंतपणानंतर काढून ताडून पाहिले होते. मेंदूच्या काही भागांची रचनाच बदललेली दिसली, विशेषतः दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित भागांची. दोन वर्षांनी पाहिलं तरी तो बदल बराचसा टिकून होता. स्मरणशक्ती मात्र कमी झालेली आढळली नाही. हे सांगते ते एवढ्याचसाठी, की तुझ्यात काहीतरी बदललंय हे तुला जाणवतंय ते खोटं नाही. पण बदललं म्हणजे बिघडलं, असं तू परस्पर ठरवून टाकलंयस.

आणि मग ते रिपोर्टमधल्या चुकीचं वाक्य. अख्ख्या पत्रात तेवढीच एक ओळ जिवंत आहे! ज्या बाईची महत्त्वाकांक्षा मेली, तिला नवशिक्याच्या चुकीत गोडी वाटत नाही. तुझी ओढ शिल्लक आहे, फक्त तिने दिशा बदललीय. पहिला नंबर, मग बढती, मग पुढची बढती, या रांगेत तू लहानपणापासून उभी आहेस. पुढे सरकणं म्हणजेच हवंसं वाटणं, असं तुझ्या मनात पक्कं बसलंय. त्यातलं तुझं किती आणि तुझ्या आईचं किती, हे तू कधी वेगळं करून पाहिलंयस? तिने सोडलेली खुर्ची तू भरून काढायचीस, हे घरात कोणी बोललं नसेल, पण तू ते ऐकत मोठी झालीस. आईचा राग करू नकोस. ती भ्यायली आहे, आणि तिची भीती निराधार नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिलंय, की एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतलं अंतर आता मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर वाढतं. ज्या कामांत कधीही हाक मारली की धावावं लागतं तिथे पैसा जास्त असतो, आणि तिथून माघार बहुतेक वेळा आई घेते.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. नोकरी सोडू नकोस. या अवस्थेत घेतलेला राजीनाम्याचा निर्णय तुझा नसेल, तुझ्या जागरणाचा असेल. स्वतःच्या नावावर येणारा पगार ही भावनेची नाही, सुरक्षिततेची गोष्ट आहे. पण आईला किंवा नवऱ्याला दुःख नको म्हणून ही बढतीही घेऊ नकोस. साहेबांना भेट आणि विचार, या जागेवर संध्याकाळनंतर किती फोन येतात, दौरे किती, नव्या लोकांना शिकवणं या कामात किती आहे? सहा महिन्यांनी ही जागा घेता येईल का? शिकवण्याची जबाबदारी मला आत्ताच द्याल का? हे विचारल्याने तू कमी पडत नाहीस. नाही म्हणालीस, तर दार लागू शकतं हेही खरं. ती किंमत डोळे उघडे ठेवून मोज.

नवऱ्याला माझा निरोप दे. संधीची त्याला काळजी आहे ना, मग आजपासून दोन आठवडे रात्री तो उठेल. मुलगी अजून अंगावर पीत असली, तरी तीनपैकी दोन वेळा तिला थोपटून झोपवणं त्याला जमेल. पहिले तीन-चार दिवस ती रडेल, तोही वैतागेल. तू उठू नकोस. सलग झोपून उठलेल्या एखाद्या सकाळी ती बढती पुन्हा डोळ्यांसमोर आण आणि बघ काय वाटतं. तेव्हाही नकोशी वाटली, तर ते उत्तर तुझं.

आईशी बोलशील तेव्हा तिने काय गमावलं हे विचारू नकोस, ते ती सांगतेच आहे. नोकरी सोडली त्या दिवशी घरी येऊन तिने काय केलं, तेवढं विचार. त्यानंतर कदाचित तुझ्या प्रमोशनबद्दल ती निराळ्या आवाजात बोलेल.

पण डॉक्टरांची वेळ उद्याच घे. साहेबांना भेटायच्या आधी.

– तुझी ताई