ढोल पथकाच्या ८० टी-शर्टांवर काय छापावं: डीटीएफ, व्हिनाइल की सब्लिमेशन?

सरावासाठी ८० गडद टी-शर्ट, छातीवर रंगीत बोधचिन्ह आणि पाठीवर प्रत्येकाचं नाव, यात काय टिकेल असं तुम्ही विचारलंय. छपाईबद्दल सगळं लिहिलंत, पण कापड कोणतं ते सांगितलं नाहीत, आणि खरा निकाल कापडावरच लागतो. मी नऊ वर्षं हीट प्रेसवर, म्हणजे छपाई गरम दाबाने कापडावर बसवायच्या यंत्रावर, काम करतोय, त्यावरून सांगतो.

सब्लिमेशन मला सगळ्यात आवडतं. यात १९० ते २०० अंशांवर शाईची वाफ होऊन ती धाग्यातच मुरते. त्यामुळे हाताला काही लागत नाही आणि पापुद्रा निघायचा प्रश्नच येत नाही. पण त्याला पॉलिस्टर लागतं, तेही पांढरं किंवा फिकट. कॉटनवर केलं तर दोन-तीन धुण्यांत उडून जातं. तुम्हाला गडद रंग हवाय, म्हणजे हा पर्याय बाद.

व्हिनाइल म्हणजे उष्णतेने कापडावर चिकटणारा रंगीत प्लास्टिकचा पातळ थर. त्यातून अक्षरं प्लॉटरवर कापायची आणि आजूबाजूचा भाग चिमट्याने उपसून काढायचा. नावासाठी ते झकास आणि दणकट, पण मराठी नावात वेलांट्या, रफार, अनुस्वार असतात. बारीक टायपात अनुस्वाराचा ठिपका उपसताना निघून येतो आणि ‘चिंतामणी’चा ‘चितामणी’ होतो. नावं व्हिनाइलमध्ये करणार असाल तर जाड अक्षर आणि किमान दोन इंच उंची ठेवा.

बोधचिन्हाला डीटीएफच (डायरेक्ट टू फिल्म) घ्या. फिल्मवर रंग छापतात, त्यावर पांढरी शाई, तिच्यावर गोंदाची पावडर, आणि मग साधारण १५० ते १६० अंशांवर १०-१५ सेकंद दाब. कॉटन, पॉलिस्टर, काळं, लाल, सगळ्यावर बसतं. छापणारे मीटरच्या हिशेबाने पैसे घेतात, म्हणून फाइल गच्च भरून द्या. ५६ सेंमी रुंदीत १० सेंमीची पाच बोधचिन्हं बसतात, म्हणजे मधली मोकळी जागा धरून मीटरभरात ४५. ८० टी-शर्टांना दोन मीटर पुरतात आणि वर दहा उरतात. नावंही याच पद्धतीने करता येतील, पण त्यांना जास्तीची फिल्म लागेल.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. एका क्रिकेट संघासाठी लाल डॉट निट पॉलिस्टरवर मी पांढरी अक्षरं छापली. देताना शुभ्र होती, चौथ्या दिवशी गुलाबी झाली. पॉलिस्टरचा रंग उष्णतेने सुटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत चढतो. सगळे शर्ट पुन्हा करून दिले. तेव्हापासून गडद पॉलिस्टर आलं की मी रंग वर चढू न देणारी काळी गोंदाची पावडर वापरतो आणि तापमान कमी ठेवतो. तुम्ही १८० जीएसएमचं (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं) बायोवॉश (एन्झाइमने धुऊन लव काढलेलं) कॉटन घ्या, ही भानगडच नको.

जागाही विचारपूर्वक ठरवा. ढोल कमरेला बांधला की त्याची कड पोटावर घासते. म्हणून बोधचिन्ह डाव्या छातीवर, वरच्या बाजूला घ्या. पाठीवर भरीव मोठा चौकोन नको, डीटीएफमधून हवा जात नाही आणि सरावात घामाने तो भाग अंगाला चिकटतो. नुसती अक्षरं चालतील.

सराव पावसाळ्यात असतो, म्हणजे छपाईही तेव्हाच. दमट कापडावर डीटीएफ नीट धरत नाही, त्यामुळे आधी रिकामा शर्ट पाच सेकंद दाबून ओल काढायला सांगा. फिल्म थंड झाल्यावर सोलायची असेल तर घाई करू देऊ नका, नाहीतर कडा उचलतात. सोलून झाल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा एकदा दाबलंच पाहिजे. हा दुसरा दाब बरेच जण वेळ वाचवायला टाळतात आणि मग महिन्याभरात भेगा दिसतात.

ऑर्डर देण्याआधी एकच शर्ट छापून घ्या. एक दिवस तसाच ठेवा, मग घरी जसे कपडे धुता तसाच, ब्रश मारून, तीन वेळा धुवा. वाळल्यावर बोधचिन्हाची कड नखाने खरवडून बघा. उचलली नाही तर उरलेले ७९ द्या.