वाचकांचे प्रश्न : ‘सहा पात्रं’ बसवताना

प्रश्न : आमच्या हौशी गटाने पिरांदेल्लो यांचं ‘सहा पात्रं नाटककाराच्या शोधात’ बसवायला घेतलं आहे. दोन भाषांतरं मिळाली, पण दोन्हींचे शेवट वेगळे. कोणतं धरावं? आणि मध्यंतर कुठे?

उत्तर : दोन्ही शेवट इटालियन नाटककार लुइजी पिरांदेल्लो यांचेच आहेत. (नाटक असं : तालीम चालू असताना, लेखकाने अपुरी सोडलेली एका कुटुंबातली सहा पात्रं येतात आणि आपली कथा रंगवायला सांगतात.) मे १९२१मध्ये रोमच्या वाल्ले नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांनी ‘वेड्यांचं इस्पितळ!’ म्हणून ओरडा केला होता. त्या वेळची संहिता, अख्खा दिवस फुकट गेला म्हणून कावलेल्या नाटकमंडळीच्या प्रमुखापाशी थांबते. १९२५मध्ये लेखकाने ती बरीच बदलली. रंगमंचावरून प्रेक्षागृहात उतरणाऱ्या पायऱ्या आल्या. शेवटी हिरव्या प्रकाशात पात्रांच्या मोठ्या सावल्या दिसतात, त्यांत धाकटा मुलगा आणि धाकटी मुलगी नसतात, आणि सावत्र मुलगी खदखदून हसत पायऱ्यांवरून पळत सुटते. सुरुवातीच्या रंगसूचनेत पायऱ्या आहेत का, एवढं पाहिलं की आवृत्ती ओळखता येते. एडवर्ड स्टोरर यांचं १९२२चं इंग्रजी भाषांतर पहिल्या आवृत्तीवरून केलेलं आहे, आणि तेच फार पसरलं.

आम्ही १९२५ची संहिता घ्या म्हणू. मात्र सरमिसळ नको. पायऱ्या बांधल्याच नसतील, तर तो शेवट लोंबकळतो.

मध्यंतराचं म्हणाल तर नाटकात अंक नाहीतच, दोन खंड आहेत. पहिला, मंडळीचा प्रमुख या पात्रांना घेऊन कथेचा आराखडा करायला आत जातो तेव्हा. या वेळी पडदा पडत नाही. दुसरा, रंगमंच-कामगार चुकून पडदा पाडतो तेव्हा. मध्यंतर पहिल्या ठिकाणी घ्या. दुसऱ्या ठिकाणी दिवे लावून चहाला सोडलंत, तर चुकीतली गंमतच जाते.

प्रश्न : पात्रांना पांढरा रंग फासून भुतांसारखं दाखवायचं ठरतंय. चालेल?

उत्तर : नाही. ही या नाटकातली सर्वांत जुनी चूक. रंगसूचना स्पष्ट आहे : पात्रं म्हणजे भास नव्हेत. ती नटांपेक्षा अधिक पक्की, न बदलणारी दिसायला हवीत, कारण नट रोज बदलतो, पात्र बदलत नाही. त्यासाठी लेखकाने मुखवटे सुचवले : डोळे, नाकपुड्या, तोंड मोकळं ठेवणारे, आणि प्रत्येकावर एकच भाव गोठलेला. बापाच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप, सावत्र मुलीच्या सूड, मोठ्या मुलाच्या तिरस्कार, आईच्या दुःख, तेही डोळ्यांशी मेणाच्या अश्रूंसह. मुखवटे जमणार नसतील तर कपड्यांना कडक चुण्या द्या आणि पात्रांवरचा प्रकाश वेगळा ठेवा.

पात्रांचा प्रसंग नट करून दाखवतात तिथेही गटांचा तोल जातो. नक्कल करून हशा मिळवू नका. नटांनी मनापासून, चांगलंच करायचं असतं. तरी ते वेगळंच होतं, आणि बापाला व सावत्र मुलीला ते पाहवत नाही. घाव तिथे आहे.

मादाम पाचे, म्हणजे सावत्र मुलीला धंद्याला लावणारी कपड्यांच्या दुकानाची मालकीण, ही सातवी. तिच्यासाठी टोप्या आणि झगे खुंट्यांवर टांगायचे, की त्यांच्या ओढीने ती मागच्या दारातून येते. सावत्र मुलीशी ती सुरुवातीला कुजबुजते आणि नट ‘मोठ्याने!’ म्हणून ओरडतात. ती कुजबुज ऐकू यावी म्हणून माईक लावू नका. ऐकू न येणं हाच मुद्दा आहे.

प्रश्न : पिरांदेल्लो यांची कादंबरी कोणती आधी वाचावी?

उत्तर : ‘कैलासवासी मात्तिया पास्काल’, १९०४. मेला असं समजलं गेलेला माणूस नवं नाव घेऊन जगू पाहतो, पण कागदपत्रं नाहीत म्हणून चोरी झाली तरी तक्रार करू शकत नाही. १९०३मध्ये गंधकाच्या खाणीत पाणी शिरून पिरांदेल्लो यांच्या वडिलांचं भांडवल आणि पत्नीचा हुंडा दोन्ही बुडाले, त्यानंतर लिहिलेली. ‘एक, कुणी नाही आणि एक लाख’ (१९२६) नंतर घ्या. ती नाक थोडं वाकडं असल्याच्या बायकोच्या शेऱ्यावरून सुरू होते आणि आधी वाचली तर नुसता तर्कविलास वाटते.

प्रश्न : पिरांदेल्लो फॅसिस्ट होते का?

उत्तर : हो. १९२४मध्ये, समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांच्या खुनानंतर, त्यांनी फॅसिस्ट पक्षात नाव घातलं. नोबेल १९३४चं. १० डिसेंबर १९३६ला रोममध्ये गेले. मृत्युपत्रात मात्र समारंभ नको, गरिबांची गाडी आणि दहन, एवढंच मागितलं होतं.