वाचकांचे प्रश्न : कटवर मागचा आवाज का उडतो?

प्रश्न : मालिकांचं साउंड एडिटिंग शिकतो आहे. प्रसंगात शॉट बदलला की संवादामागची घरघर एकदम कमी-जास्त होते. नॉइज रिडक्शन लावलं, तर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात. काय चुकतंय?

उत्तर : तुमचा क्रम चुकतो आहे. शॉट बदलला की माइकची जागा आणि दिशा बदलते, आणि त्याबरोबर पंख्या-एसीची घरघरही. सलग चाललेली घरघर कान थोड्या वेळात सोडून देतो, पण तिच्यातली उडी त्याला लगेच कळते. म्हणून आधी सांधा जुळवायचा, सफाई नंतर.

एका कोनातले सगळे शॉट एका ट्रॅकवर घ्या, दुसऱ्या कोनातले दुसऱ्यावर. व्हिडिओ एडिटरकडून एएएफ (एडिट केलेल्या क्लिप साउंडच्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी फाइल) घेताना हँडल, म्हणजे कटच्या अलीकडचा-पलीकडचा जादा आवाज, निदान ५ सेकंदांचे मागून घ्या. ते नसतील तर सांधायला काही हातातच राहत नाही. आता जास्त घरघर असलेला शॉट कटच्या पुढे ओढा आणि पुढच्या वाक्यातल्या शब्दांखाली हळूहळू उतरवा. शब्दांच्या आड हा उतार ऐकू येत नाही. तोच शांततेत उतरवला तर उघडा पडतो. क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज उतरताना दुसरा चढवणं, इक्वल पॉवरचा ठेवा; त्यात मध्यभागीही एकूण जोर तेवढाच राहतो. दोन वेगळ्या घरघरींवर साधा सरळ रेषेचा फेड दिला, तर मध्यभागी सुमारे ३ डेसिबलचा खड्डा पडतो.

वाक्यांमधल्या फटी रूम टोनने, म्हणजे कोणी बोलत नसतानाच्या त्या जागेच्या आवाजाने, भरा. सेटवर तो रेकॉर्ड झालेला नसेल, तर त्याच शॉटमधल्या पॉजमधून काढा. एक सेकंदाचा तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवू नका, त्याचा ठेका कानाला कळतो. बूम (काठीवरचा माइक) आणि लेपल (कपड्यांवर लावलेला माइक) एकाच वेळी चालू ठेवायचाही मोह टाळा : तोंडापासूनच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे १ मिलिसेकंदाचा उशीर, आणि ५०० हर्ट्झच्या आसपास आवाज पोकळ होतो. एकच माइक निवडा.

एवढं झाल्यावरही खटकत असेल तरच नॉइज रिडक्शन लावा, तेही ४ ते ६ डेसिबलपुरतं आणि प्रत्येक कोनाचा नॉइज नमुना वेगळा घेऊन. नवशिके १५-२० डेसिबल कापतात. मग घरघरीचे उरलेसुरले तुकडे मधेच उमटतात, मधेच विझतात. तुम्हाला ऐकू येणारं पाणी ते हेच.

प्रश्न : पीक मीटर शून्याच्या खाली आहे, तरी लाउडनेसमुळे एपिसोड परत आला. असं का?

उत्तर : पीक क्षणाचा असतो, लाउडनेस पूर्ण कार्यक्रमाचा. युरोपच्या ईबीयू आर १२८ या प्रसारण शिफारशीनुसार लाउडनेस उणे २३ एलयूएफएस (लाउडनेस मोजायचं एकक) आणि ट्रू पीक, म्हणजे सॅम्पलच्या मधलेही शिखर धरून मोजलेला पीक, उणे १ डेसिबलच्या वर नाही. अमेरिकेत लाउडनेस उणे २४. वाहिनीचा डिलिव्हरी कागद आधी वाचा, आकडे तिथलेच धरा. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत एकत्र मोजा. लिमिटर (शिखरं ठरावीक पातळीवर अडवणारं साधन) दाबून हे साधत नाही, संवादाची पातळी मुळातच नेमकी बसवावी लागते.

प्रश्न : सुरुवातीला ओठ जुळतात, तासाभरानंतर साडेतीन सेकंद मागे-पुढे होतात.

उत्तर : एकीकडे २४ आणि दुसरीकडे २३.९७६ फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) आहे. फरक ०.१ टक्का, तासाला ३.६ सेकंद. क्लिप सरकवत बसू नका; सेशनचा (साउंड सॉफ्टवेअरमधल्या प्रोजेक्टचा) फ्रेम रेट तपासा आणि चित्र पुन्हा मागवा. पहिल्या फ्रेमच्या २ सेकंद आधी एका फ्रेमचा बीप आणि शेवटच्या फ्रेमनंतर २ सेकंदांनी तसाच दुसरा मागून घ्या. पहिला जुळून दुसरा चुकला, तर घोळ वेगाचा. दोन्ही सारखेच चुकले, तर फक्त सुरुवात सरकली आहे.